मंडळाची चेष्टा

इंदूरची खरी मेट्रो अजून शहराच्या एका टोकाला थोड्याच स्टेशनांपुरती धावत होती; शरदरावांची मात्र गेली तीन वर्षे गावभर फिरत होती. कागदावर, अर्थात. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर दर दिवाळीला ते मेट्रोचा एक थट्टेचा नकाशा काढू लागले. रंगीत रेघा, गोल ठिपके, सगळे अगदी अधिकृत दिसणारे. स्टेशनांची नावे तेवढी त्यांच्या पदरची. पहिल्या वर्षीच्या 'पोहे लाइन'वर 'शेव कमी वाटली' आणि, पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्यावरून, 'जिरावन संपले' ही स्टेशने होती. दुसऱ्या वर्षी महूहून येणारे पाहुणे 'बस निघालोच' या स्टेशनावर दोन तास अडकले होते. लग्नपत्रिका छापणाऱ्या ओळखीच्या बंडूच्या छापखान्यात प्रत्येक नकाशाच्या मोजून शंभर प्रती निघत, प्रत्येकीवर क्रमांक. मराठी मंडळातल्या लोकांनी त्या फ्रेम करून दिवाणखान्यात लावल्या. कोणाकडे सगळे नकाशे आहेत यावरून बायकांत नाके मुरडली जाऊ लागली.

चौथा नकाशा मात्र संतापातून निघाला. मंडळाचे ग्रंथालय बंद करून त्या जागी बँक्वेट हॉल करायचा ठराव वार्षिक सभेपुढे यायचा होता. ते ग्रंथालय यशोधराबाईंनी, म्हणजे शरदरावांच्या पत्नीने, बावीस वर्षे एक पैसा न घेता सांभाळले होते. फाटकी पुस्तके त्या घरी आणून खळ लावून चिकटवत आणि गच्चीवर वाळवत. आणि ठराव मांडणारा मंडळाचा सचिव होता अभिराम, त्यांचाच मुलगा. शरदराव जन्मात कोणाला तोंडावर वाकडा शब्द बोलले नव्हते. मुलाशी भांडायचेही त्यांच्या जिवावर आले. म्हणून त्यांनी पेन उचलले.

नकाशावर एकच लाल रेघ होती. 'वाचायला वेळच नसतो', 'मुलांना येत नाही', 'गणपतीपुरते मराठी', 'जेवणाला हजर', मग 'ग्रंथालय: गाडी थांबणार नाही' आणि शेवटी 'बँक्वेट'. वर ठसठशीत अक्षरांत नाव: 'मंडळाची चेष्टा'.

"अहो, हे कळेल का कोणाला?" यशोधराबाईंनी चष्मा वर करत विचारले.

"न कळायला काय झालं? चांगलं झोंबेल."

"झोंबायला आधी वाचता यायला हवं," त्या म्हणाल्या. पण नकाशा त्यांनी दोनदा वाचला, आणि कित्येक दिवसांनी हसल्या. तुमच्यासारखं कोणी बोललं नसतं, असेही म्हणाल्या.

रविवारी सकाळी सभेत दारातच प्रती वाटल्या गेल्या. शरदराव मागच्या रांगेत बसून चेहरे न्याहाळत होते. कोणीतरी रागावेल, निदान मान खाली घालेल, अशी त्यांना आशा होती. लोक तर खुशीत होते. क्रमांक पडताळत होते.

अध्यक्ष प्रतापराव माइकपाशी गेले. त्यांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, हे ते अजून दर भाषणात सांगत. "देखो भिया, शरदजींनी मंडळाची जी चेष्टा दाखवली आहे ना, काबिले तारीफ आहे! इतक्या वर्षांची आपली सगळ्यांची चेष्टा, एका कागदावर! आणि बँक्वेटच्या जस्ट आधी काय लिहिलंय? गाडी थांबणार नाही! वाह! तर मंडळी, आता आपली गाडी थांबणार नाही!"

टाळ्या कडाडल्या. शरदरावांना क्षणभर काही उमजेना, आणि मग उमजले तेव्हा कानशिले तापली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. इथे जमलेल्या साठ-सत्तर मराठी माणसांनी आपल्या थट्टेचा नकाशा हिंदीत वाचला होता. शालजोडीतले हाणायला गेले, तर मंडळींनी शालच पांघरून घेतली.

अभिराम धावत आला. त्याचे डोळे भरून आले होते. "बाबा, मला वाटत होतं तुम्ही नाराज आहात. तुम्ही तर फुल सपोर्ट केला! थँक यू, बाबा." आणि भर सभेत तो त्यांच्या पाया पडला.

आत्ता बोलायला हवे होते. चेष्टा म्हणजे थट्टा, बाळा, तुझी आणि या सगळ्यांची, एवढेच. पण लोक उठून नकाशा पुढे करत होते. शरदजी, साइन करून द्या ना. कचेरीतल्या चौतीस वर्षांत त्यांच्या एका नकाशाला कोणी छान म्हटले नव्हते. अंगावर मूठभर मांस चढले, आणि ते चढल्याची लाजही त्याच वेळी वाटली. लाज मागे राहिली. त्यांनी खिशातून पेन काढले.

"ठरावाच्या बाजूने?" प्रतापरावांनी विचारले. हातांचे रान उभे राहिले.

"विरोधात?"

पहिल्या रांगेत एक हात वर झाला. यशोधराबाईंचा. सगळा हॉल मागे वळून शरदरावांकडे पाहू लागला. त्या मात्र वळल्या नाहीत. आपल्या नवऱ्याचा हात वर झाला असणारच, याची त्यांना खात्री होती.

शरदरावांचा हात कोणाच्या तरी नकाशावर होता. सही अर्धी झाली होती. त्यांनी ती पुरी केली.

"भाभीजी," प्रतापराव हसत म्हणाले, "तुमचे मिस्टर तर आमच्यासोबत आहेत."

तेव्हा यशोधराबाई वळल्या. शरदरावांनी पुढची प्रत ओढून घेतली.

अभिराम वही घेऊन वाकला. "बाबा, मिनिट्समध्ये आईचं नाव लिहू, की बस 'विरोधात एक' लिहू?"

"एक लिही," शरदराव म्हणाले.