खोली क्रमांक चारमधले सगळे अडुसष्ट किलो

तर हॉस्पिटलने बाईंना काढून टाकलं. खोली क्रमांक चारवर 'साहित्य कक्ष' अशी पाटी लागली आणि आत आता चाक तुटलेली स्ट्रेचर ठेवलीत. हे झालं. आता हे झालंच नाही असं समजून पुढे वाचा. हॉस्पिटललाही तसंच समजायची सवय आहे, तुम्हालाही जमेल.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. कामावर मला 'ओव्हरलोड' म्हणतात. हे नाव उस्तादांनी, म्हणजे मला काम शिकवणाऱ्या मिस्त्रींनी ठेवलं, आणि उस्तादांनी ठेवलेलं नाव ग्रीसच्या डागासारखं असतं, तीन धुण्यांत जात नाही. मी लिफ्टमध्ये शिरलो की आतले दोघंतिघं हसत बाहेर पडतात. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही मागून येतो. दोर भक्कम आहे ना?" दोर भक्कम असतो. तो मीच बसवलेला असतो. तरी मीही हसतो, कारण न हसणारा जाड माणूस लोकांना फार गंभीर बाब वाटते.

दादा माझ्याहून जाड होता. म्हणजे आमच्या घरात बारीक मुलगा मी, हे कुणाला पटत नाही. दादाची पाठ दुखायला लागली. पहिले डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. दुसरे म्हणाले, वजन कमी करा. तिसऱ्यांनी मान वर न करताच तेच सांगितलं. पावलांच्या आवाजावरून निदान केलं असावं. मग दादाचं वजन आपोआप उतरू लागलं. काही न करता अकरा किलो. पुढच्या खेपेला तेच तिसरे डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरनेही वाजवल्या. फाइलवर शेरा आला, 'उत्तम प्रगती'. दादा लाजला. वहिनीने घरोघरी फोन करून सांगितलं. सात आठवड्यांनी दादा गेला. आजार दोन वर्षं पाठीत बसून होता आणि कुणी दार वाजवून 'आत कोण आहे' एवढंही विचारलं नव्हतं.

त्यानंतर दोन मजल्यांच्या मध्ये काम करताना माझा श्वास अडकायला लागला. पाना हातातून खाली पडायचा. उस्ताद म्हणाले, "अरे ओव्हरलोड, लिफ्टवाला लिफ्टमध्ये घाबरला म्हणजे मासा पाण्यात बुडाला. जा, कुणाला तरी दाखव." आई म्हणाली, "दादाच्याच हॉस्पिटलात जा, दुसरं आहे कुठे?" खरंच नव्हतं. शिवाय तिथल्या दोन्ही लिफ्ट माझ्याच देखभालीत. गेलो.

दारातच काटा. तिथे नाव हळू विचारतात आणि वजन ओरडून सांगतात. "एकशे छत्तीस!" सिस्टर गरजल्या. बाकावरचे अकरा जण वळले. एकाने मला जागा करून दिली, दोघांची.

खोली चारमध्ये समुपदेशन करणाऱ्या बाई बसायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, आणि समोर हात नसलेली रुंद खुर्ची. मांड्यांवर वळ न उठवणारी खुर्ची मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

"मी आधी वजन कमी करतो, मग येतो," मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. त्यांचा वेळ वाचावा म्हणून.

"कशासाठी?"

"तुम्ही तेच सांगणार ना?"

"तुमचा भाऊ गेलाय, असं नोंदणीच्या चिठ्ठीत लिहिलंय. मी त्याच्याबद्दल विचारणार होते. बसा. तो हसायचा कसा?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. दादा खांदे हलवत हसायचा, आवाज न करता, आणि शेवटी एकदम शिंक आल्यासारखा. मी ते करून दाखवायला गेलो आणि पाऊण तास रडलो. बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही. पाणी दिलं. कुठेही व्यायाम, संयम, निर्धार हे शब्द आले नाहीत. मी वाट बघत होतो. आलेच नाहीत.

मी छातीत भरून येतं म्हणालो, तेव्हा बाई माझ्यासोबत वरच्या मजल्यावर आल्या. तिथल्या डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि बाईंनी विचारलं, "हेच एखाद्या सडपातळ माणसाला झालं असतं तर कोणती तपासणी सांगितली असती? तीच लिहा." डॉक्टरांना पेन सापडेना. शेवटी बाईंनी आपलं दिलं. हृदय ठणठणीत निघालं. आत फक्त दादा होता.

आता घोळ ऐका. कॉम्प्युटरला दर भेटीला वजन लागायचं. रकाना रिकामा ठेवला की लाल व्हायचा आणि भेटीची नोंदच करू द्यायचा नाही. दुसऱ्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "मला काही तुम्हाला काट्यावर चढवायचं नाही. काय लिहू?"

"अडुसष्ट लिहा."

"का?"

"लिफ्टच्या पाटीवर असतं ना, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. भागा. एक माणूस अडुसष्ट. आमच्या धंद्यात सगळे अडुसष्टच असतात."

"म्हणजे हा माणसाचा आकडा झाला."

"तसंच."

"मग खोटं नाही," बाई म्हणाल्या आणि लिहिलं. पुढे त्यांनी सगळ्यांचंच अडुसष्ट लिहायला सुरुवात केली. चाळीस माणसं यायची त्यांच्याकडे. सगळी अडुसष्ट.

वर्षाच्या शेवटी संचालकांसमोर अहवाल गेला. खोली चारमधल्या रुग्णांचं वजन आठवड्याभरात थेट अडुसष्टावर उतरतं. सत्तेचाळीस किलोची एक मुलगी यायची, तीही अडुसष्टावर पोचली होती. ते 'पोषण' या सदरात घातलं. कुणाला शंका आली नाही. सर्वोत्तम विभागाची ढाल बाईंना, आणि सर्वोत्तम रुग्ण मी. एकशे छत्तीसवरून अडुसष्ट.

संचालक मला व्हरांड्यात भेटले. त्यांनी मला वरून खाली पाहिलं. मी एकशे अडतीस होतो.

"वा! चेहऱ्यावरून कळतंय हो, केवढे उतरलात!"

बाईंनी मला बाजूला घेतलं. "समारंभाला तुम्ही जायलाच हवं असं नाही. आणि गेलात तर माझ्या नोकरीसाठी गप्प बसू नका. ती काळजी माझी."

"आणि बाकीचे?"

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, "खोली गेली तर एकोणचाळीस जण परत त्या काट्यापाशी जातील. खोटं कशाला बोलू?"

मी ठरवलं, गप्प बसायचं. मी गप्प बसण्यात पटाईत आहे. तीस वर्षांचा अनुभव. ढाल घ्यायची, आभार मानायचे, खाली उतरायचं, मंगळवारी चारला खुर्चीत जाऊन बसायचं.

सभागृह भरलं होतं. आई पहिल्या रांगेत, शेजारी वहिनी. संचालक म्हणाले, "अशा जिद्दीला दाद द्यायलाच हवी," आणि टाळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या रांगेत तिसरे डॉक्टर उठून उभे राहिले. तेच हात. आणि मी बघितलं, वहिनीने आपले हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते.

मी माइक ओढला. "मी एकशे अडतीस आहे. दोन वाढलेत. तुमच्यातल्या एकालाही डोळे नाहीत का? हा कागद बघून टाळ्या वाजवताय? माझा भाऊ मरत होता तेव्हाही तुम्ही कागद बघूनच वाजवल्या होत्या! झिजत होता तो! त्याची पाठ कुणी बघितली? नुसतं हात लावून, डॉक्टर? तुम्ही उभे आहात ना, सांगा की!"

डॉक्टर बसले.

संचालक माइककडे वाकून म्हणाले, "किती हा नम्रपणा!" आणि टाळ्या वाढल्या.

तेव्हा मी काटा मागवला. कुणी आणेना, म्हणून खाली जाऊन मीच आणला. व्यासपीठावर ठेवला, वर चढलो. वजन घेणाऱ्या सिस्टर पहिल्या रांगेच्या टोकाला होत्या, बिचाऱ्यांना सवयच, त्या ओरडल्या, "एकशे अडतीस!"

मग मात्र टाळ्या थांबल्या.

तीन दिवसांत चौकशी उरकली. चुकीची नोंद कुणी केली, याची. दादाच्या फाइलचं काय, असं मी विचारलं तर समितीने सांगितलं की त्या फाइलमध्ये दोष नाही, तिथला आकडा खरा होता. अकरा किलो. बरोबर आहे. दादा मेला, पण हिशोबात चूक नव्हती.

खोली चारला येणाऱ्या एका मावशींनी मला जिन्यात गाठलं. "बोललास ते बरं केलंस हो. माझ्या मनातलं बोललास." मग कठडा धरून एक पायरी उतरल्या आणि थांबल्या. "पण आता मी कुठे जाऊ, रे?"

मी त्यांचा हात धरून त्यांना खालपर्यंत उतरवलं. राग आहे, भरपूर, पण त्याच्यावर कुणाला बसवता येत नाही. म्हणून मी अर्ज केला. आवक क्रमांक घेतला, शिक्का मारून घेतला:

प्रति, मा. संचालक. विषय: लिफ्ट क्रमांक दोन ठरावीक वेळी अडकवण्याबाबत.

महोदय, खाली सही करणारा आपल्या लिफ्टची देखभाल करतो. खोली क्रमांक चार बंद झाल्याने चाळीस व्यक्तींची गैरसोय झाली आहे. तरी दर मंगळवारी दुपारी चार ते पावणेपाच या वेळेत सदर लिफ्ट तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्ये बंद ठेवण्याची परवानगी मिळावी, व त्या जागी बाईंना पूर्ववत रुजू करून घ्यावे. ही जागा इमारतीच्या मंजूर नकाशात कोणत्याही मजल्यात मोडत नसल्याने तेथे आपला कोणताही नियम लागू होत नाही. लिफ्टचा दोर सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आत काटा ठेवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.