त्याच घरात दुसरी लेक

सीताबाईच्या थोरल्या लेकीला, तुळजाला, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला ते त्र्याण्णव साल. सीताबाईच्या आईला याच दुखण्याने नेलं होतं आणि मावशीलाही. तेव्हा फक्त ‘अंगावरून जातं’ म्हणायचे आणि गप्प बसायचे. मुंबईच्या इस्पितळातल्या सुचेता डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं आणि अभ्यासासाठी सीताबाईचं नि तिच्या धाकट्या लेकीचं, मैनाचं, रक्त मागून घेतलं.

पुढच्या खेपेला त्यांनी सीताबाईला शेजारी बसवून समजावलं. रोग ओळखून त्याच्याशी लढायची ताकद माणसाला आईबापाकडून मिळते. काही घराण्यांत ती या एका रोगापुढे कमी पडते, असं दिसतंय. अजून खात्री नाही, पण लग्नानंतर मैनाला दरवर्षी तपासायला आणा. बाई पुढेही बरंच सांगत होत्या. पण ‘आईकडून’ हे कानी पडलं आणि सीताबाईचं डोकं बधिर झालं. म्हणजे पोरीला मीच खाल्ली, एवढंच तिला कळलं.

तुळजा दिवाळीआधी गेली. मागे दोन लेकरं.

सीताबाईने रक्ताचं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्याला, महादूलाही नाही. शेलार गावात गोष्ट फुटायला कितीसा वेळ लागतो? नासक्या रक्ताची म्हणून मैनाला कोण दारात उभी करणार? तिचा जीव टांगणीला लागला होता. अशात मानकोलीहून तुळजाच्या सासरची माणसं आली. लेकरांना परकी आई नको, धाकटी त्याच घरात द्या, म्हणाली. रीतच होती तशी. अशा वेळी पोरीची आई आढेवेढे घेते, डोळ्यांना पदर लावते. सीताबाईने महादूच्या आधी होकार दिला. तुळजाच्या नवऱ्याने, दौलतने, दुखणं डोळ्यांनी पाहिलं होतं. उद्या काही झालंच तर तो तोंड वर करून बोलणार नव्हता. शिवाय माणूस सोन्यासारखा. शेवटी शेवटी तुळजाची लुगडी तो स्वतः धुवायचा, गावातले पुरुष फिदीफिदी हसायचे तरी.

मैना मात्र चुलीपाशी बसून म्हणाली, “आये, ताईच्या जाग्यावर मना नको बसवू.”

“त्याच्यासारखा दुसरा मिलनार न्हाय तुला,” सीताबाई म्हणाली. खरं कारण तिने गिळून टाकलं.

लग्न झालं. तपासायला न्यायचं तर का ते सांगावं लागणार, म्हणून सीताबाई आज-उद्या करत राहिली. चार वर्षं अशीच गेली. मग मैनाला मधेच अंगावरून जायला लागलं आणि सीताबाई तिला घेऊन मुंबई गाठती झाली.

तपासणी आटोपून बाई हात धुऊन आल्या. मैना पडद्यामागे लुगडं सारखं करत होती. “तुकडा तपासायला पाठवते,” त्या म्हणाल्या, “पण मला लक्षण बरं दिसत नाही. हिला दिली कुठे?”

“मानकोलीला. दौलतलाच. तुळजाच्या नवऱ्याला.”

बाई खुर्चीवर टेकल्या. “सीताबाई, नुसत्या रक्ताने हा रोग होत नाही हो. त्याला एक जंतू लागतो, आणि तो बहुतेक नवऱ्याकडूनच येतो. पुरुषाला काही होत नाही, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. जिची बहीण यात गेली तिला त्याच घरात... त्या दिवशी मी हेच सांगत होते ना तुम्हाला?”

सगळा तालुका पडला होता. कुठेही दिली असती, एखाद्या दारुड्याला दिली असती, तरी पोर कदाचित वाचली असती. सीताबाईने शोधून शोधून तेवढंच एक घर निवडलं होतं. तिला वाटलं, आपण इथल्या इथे मरून जावं.

पडदा सरकला. मैनाने सगळं ऐकलं होतं.

“आये, तुला म्हाईत हुतं?”

“रक्ताचं तेवढं. जंतूचं न्हाय गं.”

“तेवढं तरी मना सांगायचं.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सीताबाईला बरं वाटलं असतं. मैनाने चपला पायात सरकवल्या, दारापर्यंत गेली आणि थांबली. “इतक्यात त्यांना काय बोलू नको. ताईचं समदं त्यांनीच केलं. आता माझं बी करायला लागंल, ते जरा उशिरा कलू दे.”