राक्षसाचा फासा

ताईनं नेम धरून फेकलेलं खोडरबर छोट्याला लागायचं सोडून संपादकबाईंच्या चहात पडलं.

"झालं समाधान?" छोट्या म्हणाला. "अकरा वर्षं चित्रं काढतेस, अजून नेम नाही."

"अकरा वर्षं तू लिहितोस, अजून विनोद नाही."

संपादकबाईंनी चमच्यानं खोडरबर बाहेर काढलं, बशीत ठेवलं आणि तोच चहा पिऊन टाकला. या बहीणभावाची चित्रकथा छापायला लागल्यापासून त्यांनी बरंच काही गिळलं होतं.

छोट्या सेहेचाळीस वर्षांचा होता. चार महिने तो ताईशी बोलला नव्हता. चित्रकथेचं लिखाण पाकिटातून पाठवायचा, वर 'चित्रकार यांस' असं लिहून. ताई चित्रं परत पाठवताना 'लेखक महाशय' लिहायची, त्यातलं 'महाशय' जरा पेन रुतवून. आज बाईंनी दोघांना एका टेबलाशी बसवलं होतं, कारण पत्र आलं होतं.

चित्रकथेत एक सरदार, एक चेटकीण आणि एक राक्षस खजिना शोधत फिरायचे. पण हे तिघं कुणाच्या तरी खेळातली सोंगं होती. प्रत्येक डाव चौकटीच्या कोपऱ्यातल्या फाशावर ठरायचा. एक पडला की फजिती. सरदाराची तलवार म्यानातून निघेना म्हणून तो म्यान ओढता ओढता घोड्यावरून विहिरीत गेला, तो एक पडल्यामुळेच. चेटकिणीनं पुलाचा मंत्र म्हटला आणि पूल साबणाचा झाला, तोही. फासे टाकणारे खेळाडू मात्र एकदाही दाखवलेले नव्हते.

"एका निवृत्त गणिताच्या मास्तरांनी लिहिलंय," बाईंनी चष्मा लावला. "'सगळ्या अंकांतले फासे मोजून मी खेळाडूंचा अंदाज बांधला आहे. सरदारामागचा माणूस चाळिशी उलटलेला, घरात कुणी ऐकत नाही म्हणून खेळात हुकूम सोडणारा. बहुधा टक्कल.'"

छोट्याचा हात डोक्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला.

"मास्तर हुशार आहेत," ताई म्हणाली.

"'चेटकीण मदत करते, पण आधी अर्धं पान सुनावते. ही कुणाची तरी मोठी बहीण असणार.'"

"फारच हुशार आहेत," छोट्या म्हणाला.

"पुढे ऐका. 'राक्षसाच्या चारशे बारा फाशांत एकदाही एक पडलेला नाही. हे अशक्य आहे. राक्षस खेळणारा माणूस हरला की पट उलटत असणार, आणि बाकीचे दोघं घाबरून त्याच्यासाठी लबाडी करत असणार. ही वाचकांची फसवणूक आहे.'"

ताई पेन्सिलीला टोक काढायला लागली. टोक आधीच होतं.

लहानपणी घरी खेळताना त्यांचे वडील, अप्पा, हरले की पट उलटायचे. मग दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही. म्हणून अप्पांना एक पडला की लहानगा छोट्या छताकडे बोट दाखवून किंचाळायचा, "अप्पा, पाल!" अप्पा वर बघायचे. तेवढ्यात ताई फासा पालथा करायची. एकाच्या पालथ्या बाजूला सहा असतो. अप्पा जिंकायचे, दोघांना खेळायची अक्कल नाही म्हणून शिव्या घालायचे आणि खुशीत घोरायचे.

"मी मूळ लिखाण काढून बघितलं," बाई म्हणाल्या. "छोटेसाहेबांनी राक्षसाला अठ्ठावन्न वेळा एक लिहिलाय. अठ्ठावन्न वेळा छापलाय सहा. तुमच्या लक्षात कसं नाही आलं हो?"

"येत होतं," छोट्या म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"छापून आल्यावर काय बोलायचं? पुढचा अंक तसा लिहायचो."

ताईनं मान वर केली. हा आपली चित्रं कधी बघतच नाही, असं तिला अकरा वर्षं वाटत होतं.

"ते जाऊ दे," छोट्या घाईघाईनं म्हणाला. "आजचा एक मात्र एकच राहणार. राक्षस पुलावरून दरीत. मेला. विषय संपला. मी यापुढे लिहिणार नाही."

"कारण सांग की बाईंना! अप्पा पाहुण्यांसमोर म्हणाले, मुलगी चित्रं काढते आणि मुलगा ती बिघडवतो. तेवढ्यावरून घरी यायचं बंद."

"दहा माणसांसमोर म्हणाले."

"आठ. त्यातले दोघं बहिरे."

छोट्या खिडकीकडे वळला. त्यानं खिडकीलाच विचारलं, "वाचतात अजून?"

"फक्त राक्षसाची पानं. बाकीची दोघं गाढवं आहेत म्हणतात, राक्षस खेळणारा तेवढा शहाणा. अंक यायच्या दिवशी दाराशी खुर्ची टाकून बसतात. तो येईपर्यंत जेवत नाहीत."

"आणि राक्षस मेला तर? उलटतील ताट, दुसरं काय."

"नाही उलटणार," ताई म्हणाली. "आता हातात तेवढा जोर नाही."

"मग बरंच आहे," छोट्या म्हणाला, पण आवाज मघाचा नव्हता.

"पुरे!" बाईंनी चित्राचं पान पुढे सरकवलं. राक्षस पुलाच्या मधोमध उभा होता आणि कोपऱ्यातला फासा कोरा होता. "लिहिलंय तसं काढा. एक. इथे, माझ्यासमोर, शाईनं."

त्या ताईच्या खांद्यावरून वाकल्या. ताईनं शाईच्या पेनाचं टोपण काढलं. पेन कोऱ्या चौकोनाच्या बरोबर मध्यावर नेलं आणि तिथेच धरलं. मधला ठिपका एकदा टेकला की त्याचा सहा कधीच होणार नव्हता.

"काढा," बाई म्हणाल्या.

पेनाच्या टोकाशी शाई जमायला लागली.

छोट्या इतक्या जोरात उठला की खुर्ची आडवी झाली.

"बाई, पाल! पाल! तुमच्या डोक्यावर!"

बाई किंचाळत शेजारच्या खुर्चीवर चढल्या. कप गेला, बशी गेली, खोडरबर टेबलाखाली गेलं. त्या खाली उतरल्या तेव्हा फाशावर सहा ठिपके ओले चमकत होते.

"हे काय?"

"फासा," ताईनं टोपण लावलं. "शाई आहे. खोडता येत नाही."

छोट्या पिशवी उचलून दाराशी पोचला होता.

"आता पुढचा अख्खा अंक बदलावा लागणार," तो दाराच्या कडीकडे बघत म्हणाला. "नसती कटकट."

"लिखाण पाकिटातून पाठवू नकोस. आणून दे. आणि जेवायच्या वेळेला टपकू नकोस, मी वाढणार नाही."

"तुझ्या हातचं मागतंय कोण?"

दार आपटलं. बाई अजून मान वर करून, पांढऱ्याशुभ्र छताचा कोपरान् कोपरा बघत होत्या.