डांबराखालचा कान

मेंढ्याच्या डाव्या कानाला डांबर फासलेलं होतं आणि त्याखालून सडक्या मांसाचा वास येत होता. टेगवेन बफ्टनने नाक दाबलं नाही. एकोणीस वर्षं ती खोऱ्यातल्या या प्रदर्शनात मेंढ्यांची तपासनीस होती.

"माशी बसली गं जखमेवर," आयव्हर डगन कठड्यावर रेलून म्हणाला. "तू बक्षिसाची फीत बांध. लोक खोळंबलेत."

त्याच्या कोटावर बिल्ला होता: रॅडनरशायर जिवंत आहे. गेल्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात, सरकारने रॅडनरशायर जिल्हा मोडून पॉविस या नव्या, मोठ्या जिल्ह्यात घातला, तेव्हापासून आयव्हर गावोगाव सभा घेत होता. आज पंच हेमर मास्तरांनी जिल्ह्याचा चषक त्याच्याच मेंढ्याला दिला होता. चषक टेगवेनच्या वडिलांनी ठेवलेला. अट एकच: मेंढा रॅडनरशायरच्या मातीत जन्मलेला हवा. ते तपासायचं काम टेगवेनचं.

तिने फडक्यावर रॉकेल घेतलं.

"हे काय करतेस?"

"कान पुसते."

डांबर सुटलं. तीन पांढऱ्या अळ्या तिच्या मनगटावर पडल्या. कानाचं टोक सरळ छाटलेलं होतं. डगनांच्या मेंढ्यांची खूण तीच. पण ती कोकरू असतानाच मारतात. ही जखम पंधरवड्याचीही नव्हती, पूने भरलेली होती. आणि खालच्या कडेला अर्धचंद्राचा काप, जुना, वर केस उगवलेला. तो सीमेपलीकडच्या, इंग्लंडातल्या हेरफर्डशायरमधल्या एका शेताचा. डोंगरावर चुकलेल्या मेंढ्या असे कान बघूनच ती दर वर्षी त्या शेताला परत करत आली होती.

"मास्तर, इकडे या. हा मेंढा इंग्लंडचा आहे. कान छाटून आपला केलाय."

हेमर मास्तरांनी चष्मा लावला, कान पाहिला, मग गर्दी पाहिली. "हळू बोल," ते पुटपुटले. "मंडपात पॉविसचे साहेब बसलेत. हसतील आपल्याला."

"हसू द्यात."

"अगं, ते शेत सीमेपासून मैलभर तर आहे," आयव्हर मोठ्याने म्हणाला. "माझा आजा ते आपलंच धरायचा!"

"आपलंच!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "बफ्टनबाई, तुमचं आजोळ हेरफर्डचं ना? या, तुमचाही कान बघू!"

हशा पिकला. टेगवेनने चेहरे पाहिले. जिल्ह्याच्या नावाची जुनी पाटी उतरवली त्या दिवशी यातले निम्मे रस्त्यात उभे राहून रडले होते. आता त्यांनी कान पाहिला होता, वास घेतला होता. ते फसले असते तर तिला त्यांची कीव आली असती.

"फीत," मास्तर म्हणाले.

"तुम्हीच बांधा." तिने पू लागलेली फीत त्यांच्या हातात दिली.

मग दर वर्षीसारखा चषक सायडरने, सफरचंदाच्या दारूने, भरला गेला आणि तोंडातोंडाने फिरला. तिच्यापर्यंत आला तेव्हा काठ थुंकीने चिकट झाला होता. तळाशी कोणाच्या तरी पावाचा लगदा तरंगत होता. तिने चषक गवतावर पालथा केला, तो काखेत मारला आणि आपल्या गाडीकडे निघाली.

"ए, चषक जिल्ह्याचा आहे!" आयव्हर मागून धावला. "तुझ्या बापाचा नाही!"

"बापाचाच आहे," ती म्हणाली. "जिल्हा उरला असता तर मी तो इथेच ठेवून गेले असते."