महाराज आफ्रिकेला निघाले

“सिंह म्हणे संध्याकाळी बाहेर पडतो,” पानबाई म्हणाल्या. “मग तो दिसेपर्यंत तुम्ही जेवणार कधी?”

जेवणाच्या टेबलावर आफ्रिकेचा नकाशा पसरला होता. उघड्या टपाची जीप कुठून कुठे जाणार, हत्ती कुठे, जिराफ कुठे, हे सुभाषचंद शेठ आईला बोटाने दाखवत होते. पण पानबाईंचं गाडं सूर्यास्तापाशीच अडलं होतं. सूर्य मावळल्यावर या घरात कुणी खात नसे, आणि कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. परक्याच्या हातचं खाणार असाल तर धुळ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

“महाराजला नेतोय ना बरोबर,” शेठ म्हणाले.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेला झुलाल दारातच थांबला. मिसरूड फुटल्यापासून तो या घरात स्वयंपाक करत होता, म्हणून इथे त्याला महाराज म्हणत.

“काय महाराज, येणार ना? सिंहाला खाखरा खाऊ घालशील?”

“तुम्ही म्हणाल तसं, शेठ.”

शेठ हसले, राजकुंवर शेठाणी हसल्या, म्हणून झुलालही हसला. पानबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी हो म्हटलं.

हरभऱ्याच्या झाडावर माणूस चढतो तेव्हा ते झाड किती उंच असतं हे त्याला कुणी सांगत नाही. झुलालने उसना कोट घालून फोटो काढला, शेठ म्हणाले तिथे अंगठा उठवला. पुढे त्या कागदांचं काय झालं हे त्याने विचारलं नाही. मोठ्या घरातले कागद मोठ्यांकडेच असतात. सोनगीरला त्याच्या गावात मात्र गाजावाजा झाला. पारावर बोलावून लोकांनी त्याला फेटा बांधला. आयुष्यात पहिल्यांदा गावाने त्याचं नाव घेऊन नारळ फोडला होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

त्या रात्री बायको सुंदरबाईने विषय काढला. “पोरनी पहिली आखाजी शे. तुम्ही नही गयात ते तिले कोन लई येई?”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, पण आपण होऊन येत नाही. माहेरचा माणूस मुऱ्हाळी होऊन तिच्या दारात उभा राहावा लागतो. झुलालच्या घरात दुसरा पुरुष नव्हता. आणि शेठाणींनी फराळाचं काम काढल्यामुळे त्याला सुट्टी नव्हती. पण खरं सांगायचं तर त्याने ती मागितलीही नाही.

“आखाजी दरसाल येस,” तो म्हणाला. “आफ्रिका येस का?”

“तिनी सासू तिले टोमना मारी.”

“मारू दे. बाप इमानमा बसनार शे म्हना.”

आखाजीच्या दिवशी सोनगीरच्या पोरी निंबाला झोके बांधून गाणी म्हणत होत्या आणि झुलाल धुळ्यात कढईपुढे घाम गाळत होता. खाखरे, पुऱ्या, शेव, मुगाच्या मंगोड्या, पिठांच्या पिशव्या. डबे भरले, झाकणांना कापडं बांधली.

निघायच्या दिवशी पानबाईंनी त्याच्या कपाळाला टिळा लावला. “माझ्या पोरांना बाहेरचा घास खाऊ देऊ नकोस,” त्या म्हणाल्या. त्याने वाकून नमस्कार केला. गाडी चाळीसगावला आली. मुंबईची रेल्वे तिथूनच धरायची होती. फलाटावर त्याने एकेक डबा आत चढवला, बाकाखाली नीट लावला. शेवटची पिशवी खांद्यावर घेऊन तो पायरीवर चढणार, तोच शेठांनी ती त्याच्या हातातून घेतली.

“महाराज, तू इथेच थांब.”

झुलालला वाटलं, काही सामान राहिलं.

“अरे, तिथे सहलीच्या कंपनीचा स्वयंपाकी असतो. तुझं तिकीट काढलंच नव्हतं. आईने ऐकावं म्हणून म्हटलं होतं.” शेठ त्याच्या तोंडाकडे पाहून हसले. “तुला खरंच वाटलं का?”

झुलालने पायरीकडे उचललेला पाय खाली घेतला.

“आता धुळ्याला फिरकू नकोस. सोनगीरलाही नको, गावात गेलास की आईच्या कानावर जाईल. आणि तसं झालं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस. आम्ही परत येईपर्यंत राहा कुठेतरी. मग सगळ्यांना सांग, सिंह पाहिला. तुला कोण विचारणार आहे खोलात?”

शेठाणींनी खिडकीतून हाक मारली. “खाखऱ्याचा डबा कुठला, तेवढं सांगून जा.”

झुलालने सांगितलं. गाडी हलली.

कामापुरता मामा असतो हे त्याला ठाऊक होतं, पण आपण कुणाचे मामा झालो हे कळायला फलाट रिकामा व्हावा लागला. टिळा घामाने ओघळून भुवईत उतरला होता. कुठे जावं? या गावात त्याच्या ओळखीचं एकच दार होतं, लेकीच्या सासरचं, आणि आखाजीला त्याने तेच टाळलं होतं.

लेक प्रमिला अंगणात भांडी घासत होती. बापाला पाहताच ती तशीच राखेच्या हातांनी आत पळाली आणि गाठोडं घेऊनच बाहेर आली.

“आबा, तुम्ही माले लेवाले उनात ना? आखाजीपाईन बांधी ठेयेल शे.”

“याहीले आते याद उनी व्हय?” तिची सासू वच्छलाबाई दारातून म्हणाली. “आखाजी कव्हयच व्हयी गयी.”

झुलाल गाठोड्याकडे पाहत राहिला. ते उचलायचं म्हणजे सोनगीरला जायचं, फेटा बांधणाऱ्यांपुढे उभं राहायचं, आणि ज्या कढईवर संसार चालला तीही जायची. लेकीला एकटीला बाजूला घेऊन त्याने खरं सांगितलं असतं. पण सासू दार सोडत नव्हती.

“लेवाले नही उनू, बेटा,” तो म्हणाला. “आफ्रिकाले चालनू. गाडीले येळ शे, म्हनीसन तुले दखाले उनू.”

प्रमिलाचा चेहरा क्षणभर पडला. मग ती सासूकडे वळली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज त्या घरात मोठा झाला.

“सांगं व्हतं ना मी, मना आबा इमानमा जानार शेत?”

शेजारच्या बायका जमल्या. वच्छलाबाईने खाट टाकली, चहा ठेवते म्हणाली. सिंह खरंच दिसतो का, असं कुणीतरी विचारलं. दिसेल, असं झुलाल म्हणाला. चहाला तो थांबला नाही. आफ्रिकेच्या माणसाला उशीर करून चालणार नव्हतं.

“तथाईन उनात का माले लई जाशात ना?” प्रमिलाने विचारलं.

“हां.”

बायकांना घेऊन ती त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. स्टेशनची वाट सरळ होती, लांबपर्यंत दिसणारी. ती पाहत होती, म्हणून झुलाल गाडी गाठायची असल्यासारखा भराभर चालत राहिला.