दोन रिंगा

सात वाजून चार मिनिटं झाली तरी फोन वाजला नाही, तेव्हा सूर्यकांत सरांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत सूर चालू होता. टीव्हीखालच्या इंटरनेटच्या पांढऱ्या डबीवरचा हिरवा दिवाही लुकलुकत होता. त्यांनी रिसीव्हर घाईने खाली ठेवला. नेमकी आत्ताच रिंग येत असली तर?

सून सोनल डबे भरता भरता स्वयंपाकघरातून डोकावली आणि आजही नाही का, असं तिने विचारलं. सर म्हणाले, येईल. आणि मग सात वाजून पाच मिनिटांनी नेहमीप्रमाणे त्यांनी झरीचा नंबर लावला, दोन रिंगा जाऊ दिल्या आणि फोन ठेवला.

झरीला वसुताई राहत. सरांच्या मोठ्या बहीण, वय एक्याऐंशी. यजमान गेल्यापासून चिकूच्या वाडीतल्या घरात त्या एकट्याच होत्या. कान दहा वर्षांपूर्वी गेले. समोर बसून ओरडलं तरी अर्धंमुर्धं कळे आणि फोनवर तर शब्दांचा नुसता गाळ कानात पडे. पण रिंगचा सूर तेवढा त्यांना स्वच्छ ऐकू येई. म्हणून भावाबहिणीने फोनवर बोलणं सोडूनच दिलं होतं. रोज सकाळी सातला ताई आपल्या बटणांच्या मोबाइलवरून दोन रिंगा देत आणि बंद करत. म्हणजे, उठले, ठीक आहे. पाच मिनिटांनी सर उलट दोन रिंगा देत. म्हणजे, कळलं. उचलायचं कोणीच नाही. रिंग थांबली नाही तर समजायचं की काहीतरी बिघडलंय. आणि रिंग आलीच नाही, तर सरांनी डहाणूहून पहिल्या गाडीने निघायचं. नऊ वर्षांत ते दोनदा असे निघाले होते. एकदा ताईंच्या चार्जरची वायर उंदराने कुरतडली होती, एकदा ताप येऊन त्या झोपून राहिल्या होत्या. दोन्ही वेळा "आलास का धावत?" एवढंच म्हणून त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

मार्चमध्ये दर्शनने घरचा जुना फोन काढून इंटरनेटवरचा घेतला. दर्शन सरांचा मुलगा, वापीला कंपनीत जाणारा. जुन्या लाइनचं भाडं, सगळ्यांचे रिचार्ज, सोनलच्या भावाशी कॅनडात बोलणं, हे सगळं आता एकाच बिलात आणि निम्म्या पैशात बसणार होतं. त्यात खोटं काही नव्हतं. नंबरसुद्धा तोच राहिला. तुम्हाला काहीच फरक पडणार नाही बाबा, असं दर्शन म्हणाला आणि सरांनी मान हलवली. घरखर्चात त्यांचं मत कोणी विचारत नसे. विचारलं असतं तरी त्यांनी मानच हलवली असती.

दुसऱ्या दिवशी सातला रिंग आली नाही. सरांनी आपल्या दोन देऊन पाहिल्या आणि चप्पल अडकवून निघाले. तलासरीपर्यंत एसटी, पुढे टमटम. ताई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या.

"मी दिली की," त्या म्हणाल्या. "दोन. मोजून. तुझी परत आली पण."

फोन बसवून गेलेला मुकेश संध्याकाळी आला. सेट तपासून म्हणाला, यात फॉल्ट काही नाही.

"काका, तिकडे त्यांना रिंग वाजलेली ऐकू येते ना, तेव्हा इकडे सेट जागा पण झालेला नसतो. चार-पाच सेकंद लागतात त्याला. त्यांना बोला, जरा जास्त वाजू द्या."

म्हणजे ताईंच्या दोन रिंगा वाटेतच संपत होत्या. रविवारी सर पुन्हा झरीला गेले. ओरडून काही साधेना, तेव्हा त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : यापुढे पाच रिंगा दे. ताईंनी चष्मा लावून वाचलं आणि कागद परत केला.

"पाच? पाच म्हणजे मी पडले असं आपलं ठरलंय. रोज सकाळी उठून पडू का?"

सरांनी पुन्हा लिहिलं. ताईंनी पुन्हा वाचलं. "आणि तिसऱ्या रिंगला तुझ्या सुनेने उचलला, तर मी तिच्याशी काय बोलू? माझ्या दोनच बऱ्या. तुझा फोन नवीन आहे, त्याला शिकव."

सर हसले. तिला पटेपर्यंत सांगायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण कोणाला पटेपर्यंत काही सांगणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. तीस वर्षं शाळेत शिकवलं तेही पुस्तकात डोकं घालूनच. सोनलच्या मोबाइलवर रिंग द्यायला सांगावं तर सातला तिची धावपळ; तो मोबाइल पुढ्यात घेऊन बसायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांचा स्वतःचा मोबाइल नव्हता. थरथरत्या बोटांनी त्या काचेवर भलतंच काही दाबलं जाई. दर्शनला एकदा सांगून पाहिलं. तो जेवताना म्हणाला, "आत्याला बोला ना, मी रविवारी व्हिडिओ कॉल शिकवतो." तो रविवार काही आला नाही.

मग सरांना सवय झाली. सातला फोनजवळ बसायचं, तो वाजत नाही हे ऐकायचं, ताईने दिल्या असतील असं धरायचं आणि आपल्या दोन द्यायच्या. पहिले काही दिवस पेपर घडी न मोडता तसाच पडून राही. पुढे पुढे ते शांतपणे पेपर उघडू लागले.

विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली, त्या आठवड्यातला बुधवार. सात वाजले. फोन वाजला नाही. सात-पाचला सरांनी आपल्या रिंगा दिल्या. दहाच्या सुमाराला उगाच मनात आलं, जाऊन यावं का. उठून सदरा घातलासुद्धा. सोनल म्हणाली, "पप्पा, रोज तर असंच होतं ना? या उन्हात कुठे जाता?" बाहेर खरंच अंगाची लाही होत होती. आपला स्वभावच शंकेखोर, असं मनाशी म्हणून त्यांनी सदरा खुंटीला लावला.

दोन वाजता फोन वाजला. सेटच्या छोट्या पडद्यावर ताईंचा नंबर होता. सरांना इतकं बरं वाटलं की ते हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत राहिले. एक. दोन. तिसरी वाजली. चौथी वाजली. पाचवीला त्यांनी रिसीव्हर उचलला.

पलीकडे हिरू होती. ताईंच्या वाडीत कामाला येणारी. रोज आठला येई. त्या दिवशी पोरांना घेऊन जत्रेला गेली होती, ती दुपारी परतून वाडीत आली.

"सर, बाय वाडीत पडलीय. पाणी सोडायला गेलेली सकाळी. उठता येत नाय तिला."

तलासरीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खुबा मोडल्याचं सांगितलं. सकाळी साडेसहापासून ताई चिकूखाली पडून होत्या. सावली सरकली तशा हाताच्या कोपरावर थोड्या सरकल्या होत्या. कोपर सोलून निघालं होतं. मोबाइल घरात, खिडकीत.

बाहेरच्या बाकावर दर्शन सरांशेजारी बसला. सरांनी पहिल्यांदाच त्याला सगळं सांगितलं, दोन रिंगांचं, सेटचं, चार-पाच सेकंदांचं. दर्शनने ऐकता ऐकता स्वतःचा मोबाइल काढला.

"पण बाबा, घरच्या फोनवर आलेला प्रत्येक कॉल इथे ॲपमध्ये दिसतो. उचलला नाही तरी. हे बघा ना."

सरांनी चष्मा वर केला. झरीचा नंबर एकाखाली एक उभा होता. सात वाजता. सात वाजून एक. सहा एकोणसाठ. सात. मार्चपासूनची एक सकाळ चुकलेली नव्हती. मंगळवारचाही होता. बुधवारी सकाळी काही नव्हतं, मग एकदम दुपारचे दोन.

"मला का नाही विचारलंत?" दर्शन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

ऑपरेशन झालं. आता एकटीने झरीला राहायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले, दर्शन म्हणाला, सगळेच म्हणाले. ताईंना कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तरी त्यांना ते ऐकू गेलं नसतं. डहाणूच्या घरात फोनच्या भिंतीलगत त्यांचा पलंग टाकला. झरीच्या घराची किल्ली हिरूकडे राहिली.

चौथ्या दिवशी सर त्यांना भात भरवत होते. दोन घास खाऊन ताईंनी हात वर केला.

"मी घाबरले नव्हते हं," त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. सोनल दारात थांबली. "हिरू नाही हे माहीत होतं. पण म्हटलं, आज रिंग गेली नाही. म्हणजे सूर्या निघाला असेल. साडेसातची नाही तर आठची गाडी. मग म्हटलं, एसटी उशिरा असेल."

एवढं बोलून त्या वाट पाहत राहिल्या. सरांनी ताट खाली ठेवलं. सांगायचं तर ओरडायला लागलं असतं, आणि शेजारपाजारपर्यंत ऐकू गेलं असतं. त्यांनी वही घेतली. तीन ओळी लिहून खोडल्या. फोनचं लिहिलं, सेकंदांचं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नव्या पानावर एकच वाक्य लिहिलं : मला वाटलं, तू दिलीच असशील.

ताईंनी कागद लांब धरला. ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला.

"अक्षर अजून सुरेख आहे तुझं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा काढला आणि तो ठेवायला डाव्या हाताला नेला. झरीच्या घरात तिथे फळी होती. इथे भिंत होती. चष्मा भिंतीला टेकवून त्यांचा हात तसाच राहिला. थोड्या वेळाने सरांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.