उम्म सब्रीच्या अंगणातलं टाकं

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी येत नव्हतं. अशात ग्रामपरिषदेच्या प्रमुखांनी आम्हा पोरापोरींची बैठक बोलावली. बाहेरची एक संस्था तरुणांसाठी काही करू पाहतेय, म्हणाले. नेतृत्वाचं शिबिर ठेवू या.

"तीन शिबिरं झाली माझी," माझा चुलतभाऊ कुसै म्हणाला. "आता नेतृत्व कुणाचं करू? आठवडाभर अंघोळ नाही, माणसं जवळ उभी राहत नाहीत."

सगळे हसले. मी मात्र बोलून गेले, "घराघरात पावसाच्या पाण्याची जुनी टाकी आहेत. ती दुरुस्त करू या ना!"

प्रमुख मान हलवत उठून गेले, पण आम्ही नऊ जण बसून राहिलो.

मी लमीस. स्थापत्याची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेली. आम्ही दारोदार फिरून मोजलं: एक्केचाळीस टाकी, त्यातली पाच वापरात. टेकडीवरच्या टाक्यांना हात लावायची सोय नव्हती. टेकडी परक्या लष्कराच्या ताब्यात; तिथं फावडं दिसलं की त्यांची जीप येते. म्हणून अंगणातलीच घ्यायची ठरली. पहिलं उम्म सब्रीचं. म्हातारी एकटी राहायची.

गाळ काढण्यात तीन दिवस गेले. आतला चुन्याचा गिलावा पापुद्र्यांसारखा सुटत होता. तो करणारा गावात एकच गवंडी उरला होता, ऐंशीच्या घरातले अबू रिब्ही.

"सिमेंट आलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "आता फोनमध्ये बघा की."

"बघितलं, अम्मो. फोनमधला माणूस चुना कसा मळायचा ते दाखवतो, किती वेळ मळायचा ते नाही सांगत," मी म्हणाले. अम्मो म्हणजे काका; गावातल्या वडीलधाऱ्यांना आम्ही तसंच म्हणतो.

"हात दुखून रडू येईपर्यंत," असं म्हणत ते काठी शोधू लागले.

गुडघ्यांमुळे त्यांना खाली उतरता येईना. टाक्याचं तोंड अरुंद, पोरांचे खांदे अडकायचे. मग मीच उतरले. आईनं आकांत केला, "एवढी शिकलीस ती यासाठी? लोक काय म्हणतील!"

"लोकांना म्हणावं, आधी बादली उचला, मग बोला," उम्म सब्रीनं तिला ऐकवलं.

अबू रिब्ही वर खुर्ची टाकून बसायचे आणि डोळे मिटून माझ्या थापीचा आवाज ऐकायचे. "थांब. डावीकडे बद्द वाजतंय. आत पोकळ राहिलंय. काढ ते सगळं." मी दात-ओठ खात काढायचे.

काम संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर भिंतभर तडे!

"चुना दहा दिवस ओला ठेवावा लागतो," अबू रिब्ही हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही ठेवाल."

"कशानं ओला ठेवणार, अम्मो? प्यायला पाणी नाही!" मी ओरडले आणि तिथंच बसून रडले. अबू रिब्हींचाही चेहरा उतरला होता.

संध्याकाळी आई आली. हातात किटली होती. "प्यायच्या पाण्यातलं आहे," ती म्हणाली. "साबणाचं चालणार नाही ना? परत लाव गिलावा. उद्या शेजारणीही आणतील."

आम्ही तडकलेलं खरवडून पुन्हा लावलं. बायका पाळीपाळीनं येऊन एकेक किटली ओतत होत्या. आम्ही गोणपाटं भिजवून भिंतींना लावत होतो. दहा दिवस एकही पाळी चुकली नाही.

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यातला; तो डिसेंबरात लागला. छपराचं पहिलं मळकं पाणी बाहेर सोडून मग पन्हळ टाक्याकडे वळवली. टाकं अर्धं भरल्यावर पाऊस थांबला. मी पाण्याच्या पातळीवर कोळशानं रेघ मारली. आठ दिवसांनी उम्म सब्रीनं सगळ्यांना बोलावलं. पाणी रेघेवरच होतं. अबू रिब्हींनी एक पेला पिऊन दुसरा मागितला.

वसंतात शेजारच्या गावची माणसं आपल्या टाक्यांसाठी अबू रिब्हींना न्यायला आली. "माझ्याच्यानं होत नाही," ते म्हणाले. "लमीसला न्या. तिला येतं."

मी निघाले तेव्हा आईनं माझे चुन्यानं माखलेले बूट पुसून दाराशी ठेवले होते.